माती चोपून उभारलेल्या समाध्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या पुरातत्त्वावरच्या भाषणांनंतर, इनामगाव-भाजे अशा सहलींवरून परतताना, मातीच्या प्राचीन दफन-टेकाडांबद्दल काही प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. टेकाडाच्या पोटात काय सापडलं हे बहुतेकांना माहीत असतं. ते टेकाड दोन-तीन हजार पावसाळे सोसून उभं कसं राहिलं, याकडे मात्र फारसं लक्ष जात नाही. म्हणून इथे सगळा भर माती दाबण्याच्या तंत्रावर आहे.

दफन-टेकाड म्हणजे नेमकं काय?

मृताला किंवा त्याच्या अस्थींना ठेवून त्यावर माणसांनी मुद्दाम रचलेला मातीचा, दगडाचा किंवा दोन्हींचा उंचवटा. जुनी वस्ती पडून, तिच्यावर नवी वस्ती होऊन तयार झालेलं पांढरीचं टेकाड वेगळं. ते कुणी ठरवून बांधलेलं नसतं.

नुसता ढीग का चालत नाही? माती दाबायची कशासाठी?

खड्डा खणून काढलेली माती पुन्हा त्याच खड्ड्यात भरून पाहा. ती उरते. खणताना मातीचे कण सुटे होतात आणि मधे हवा शिरते. अशा भुसभुशीत मातीचा उंच ढीग केला की पहिल्या मोठ्या पावसात पाणी थेट आत मुरतं, वजन वाढतं, उतार घसरतो आणि माथा खचतो.

याचा फार हृदयस्पर्शी दाखला चीनच्या प्राचीन विधिग्रंथात, ‘लीजी’मध्ये, आहे. कन्फ्यूशियसने आईवडिलांना एकत्र पुरलं आणि वर चार ‘छ्र’ उंचीचा मातीचा ढीग केला. ‘छ्र’ हे तिथलं फुटासारखं माप. पूर्वीच्या लोकांच्या कबरींवर ढीग नसत, पण आपण सतत फिरतीवर असतो, जागा ओळखू यायला हवी, असं कारण त्याने दिलं. तो पुढे निघून आला, मागे शिष्य थांबले आणि जोराचा पाऊस झाला. शिष्य उशिरा पोहोचले. त्याने कारण विचारलं, तेव्हा ते म्हणाले की ढीग कोसळला. तो रडला आणि म्हणाला, पूर्वीचे लोक कबरींची डागडुजी करत नसत असं मी ऐकलं आहे.

थर पातळच का लागतात?

कारण वरून मारलेल्या ठोक्याचा जोर खाली जाता जाता मावळतो. दोन फूट माती एकदम ओतून कितीही चोपली, तरी वरचा काही इंचांचा भाग घट्ट होतो आणि खालचा पोकळच राहतो. म्हणून वीतभर किंवा त्याहूनही कमी माती पसरायची, चोपायची, मग पुढचा थर. चोपायच्या दांड्याचं टोकही लहान हवं. तोच जोर कमी जागेवर आला की दाब वाढतो. आज धरणाच्या भरावावर फिरणाऱ्या शीपफूट रोलरला गोल उंचवटे असतात, ते याच कारणासाठी.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि खरं कसब तिथेच आहे. कोरडी माती ठोकली तर कण एकमेकांवर अडून बसतात. थोडा ओलावा असला की ते सरकून जवळ येतात. पाणी जास्त झालं की मोकळ्या जागा पाण्यानेच भरतात, पाणी दाबलं जात नाही आणि चिखल नुसता इकडून तिकडे हलतो. या दोन्हींच्या मधे एक नेमका ओलावा असतो, ज्याला माती सर्वांत घट्ट बसते. लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठा खात्यातले अभियंते राल्फ प्रॉक्टर यांनी १९३३मध्ये मातीच्या धरणांसाठी हे मोजून मांडलं. पुण्यात स्थापत्य अभियांत्रिकी शिकणाऱ्या प्रत्येकाने ही चाचणी केलेली असते : १००० घन सेंटिमीटरचा साचा, तीन थर, २.६ किलोचा ठोकळा ३१ सेंटिमीटरवरून सोडायचा, प्रत्येक थरावर २५ ठोके.

प्राचीन कारागिरांकडे तराजू नव्हता, हात होता. मूठभर माती लाडवासारखी वळायची. ती वळली, बोटांना चिकटली नाही आणि खाली टाकल्यावर चार-पाच तुकडे झाले, तर ओल बरोबर. बांधकामावरचे जुने मिस्त्री आजही असंच बघतात.

हे तंत्र सर्वांत आधी कुणी शोधलं?

‘माती ठोकली की घट्ट होते’ हे कुणा एकाने शोधलेलं नाही. घराची जमीन करणाऱ्या प्रत्येक समाजाला ते आपापलं कळलं. पण मोजून पातळ थर घालायचे, बाजूला फळ्या लावून माती कोंडायची, दांड्यांनी ओळीने ठोकत जायचं आणि हे शेकडो माणसांकडून एकसारखं करून घ्यायचं, ही शिस्त वेगळी. ती शिस्त सर्वांत ठळक दिसते उत्तर चीनमध्ये.

तिथल्या लोंगशान संस्कृतीच्या काळात, म्हणजे इसवी सनपूर्व तिसऱ्या सहस्रकात, वस्त्यांभोवती चोपलेल्या मातीचे तट उभे राहिले. शानदोंग प्रांतातल्या छंगझयायचा तट १९३०-३१च्या उत्खननात ओळखला गेला. पुढे शांग राजघराण्याच्या काळातलं चंगचौ हे शहर, साधारण इसवी सनपूर्व १५००चं. त्याच्या तटाचा घेर जवळजवळ ७ किलोमीटर आहे. थर ८ ते १० सेंटिमीटरचे, आणि प्रत्येक थरावर दांड्यांचे गोल ठसे. ठसे जवळजवळ गुच्छात आहेत, म्हणजे अनेक दांडे एकत्र बांधून ठोकत असत. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या मजुराच्या एकेका ठोक्याची खूण अशी समोर दिसते, याहून जवळून प्राचीन माणूस भेटणं मला तरी शक्य वाटत नाही.

या भागातली माती वाऱ्याने आणून टाकलेली, बारीक, पिवळसर लोएस आहे. ती चोपायला फार सोयीची. तंत्र तिथेच इतकं पुढे का गेलं, याचं अर्धं उत्तर त्या मातीत आहे.

म्हणजे चीनमध्ये हे तंत्र कबरींसाठीच जन्मलं?

नाही. वाचकांचा सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. आधी तट आणि वाड्यांचे चौथरे, मग कबरी. शांग राजांच्या आन्यांगच्या कबरी म्हणजे खोल खड्डे. लाकडी कोठडी बसवून झाली की खड्डा थराथराने माती चोपून भरायचा. जमिनीवर टेकाड नाही. राणी फू हावची कबर १९७६मध्ये सापडली, ती लुटलेली नव्हती. ७.५ मीटर खोल खड्डा चोपलेल्या मातीने भरलेला आणि त्यावर एका इमारतीचा चौथरा.

उंच टेकाडांची पद्धत चीनच्या मध्यभागात रुळली ती कन्फ्यूशियसच्या काळाच्या आगेमागे आणि नंतरच्या युद्धखोर राज्यांच्या काळात. तोवर माती चोपण्याचं तंत्र दीड-दोन हजार वर्षांचं जुनं झालं होतं. इसवी सनपूर्व २१०मध्ये वारलेल्या पहिल्या सम्राटाचं, छिन श्र ह्वांगचं टेकाड याचा कळस आहे. त्याच्या पायाची एकेक बाजू सुमारे ३५० मीटर आहे. शेजारची मातीच्या सैनिकांची फौज १९७४मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना सापडली, ती सगळ्यांना माहीत असते. त्या टेकाडाकडे मात्र पर्यटक पाठ करून उभे राहतात.

माती घट्ट दाबल्याने मृतदेह टिकतो का?

टिकू शकतो, पण दाबण्याबरोबर मातीची निवडही तशी लागते. चीनमधल्या छांगशाजवळच्या मावांगत्वेत १९७२मध्ये हान राजघराण्याच्या काळातल्या एका सरदाराच्या पत्नीचा, शिन च्वीचा देह सापडला. दोन हजारांहून अधिक वर्षांनंतरही त्वचा मऊ होती, सांधे वाकत होते, पोटात खरबुजाच्या बिया होत्या. एकात एक बसवलेल्या शवपेट्यांच्या कोठडीभोवती ३० ते ४० सेंटिमीटर कोळसा, त्याबाहेर एक मीटरहून जाड पांढरी चिकणमाती आणि वर चोपलेली माती, अशी रचना होती. हवा आणि पाणी दोन्ही बाहेर राहिलं.

डेन्मार्कमध्ये उलट प्रकारे हेच घडलं. एग्टवेडच्या टेकाडात १९२१मध्ये ओकच्या खोडाची शवपेटी मिळाली. ते झाड इसवी सनपूर्व १३७०मध्ये तोडलेलं. आतल्या मुलीची हाडं विरघळून गेली होती, पण केस, नखं आणि लोकरीचा आखूड घागरा शिल्लक होता. अशा टेकाडांचा गाभा गवताच्या ओल्या लाद्यांचा असतो. तो दाबला गेला की गवत कुजताना आतला प्राणवायू संपतो, आणि भोवती लोहाचा कडक पापुद्रा धरतो. संशोधकांनी प्रयोगासाठी छोटी टेकाडं बांधून पाहिली. तुडवून दाबलेला ओला गाभा लवकरच प्राणवायूविना झाला.

युरोप आणि मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात काय पद्धत होती?

तिथे चोपण्यापेक्षा रचण्यावर भर होता. काळ्या समुद्राच्या उत्तरेला इसवी सनपूर्व ३३००च्या सुमारापासून याम्नाया लोकांनी बांधलेले कुर्गान, म्हणजे दफन-टेकाडं, आणि पुढचे शकांचे मोठे कुर्गान, यांत मुळांसकट कापलेल्या गवताच्या लाद्या विटांसारख्या रचलेल्या दिसतात. मुळांची जाळी माती धरून ठेवते आणि वरच्या लाद्यांच्या वजनाने खालच्या दबतात. एका मोठ्या कुर्गानसाठी कितीतरी चराऊ जमीन सोलून काढावी लागे. गुराढोरांवर जगणाऱ्या लोकांनी आपलं कुरण मृताच्या अंगावर घातलं, हे लक्षात घ्या.

जपानपर्यंत हे तंत्र कसं पोहोचलं?

तंत्र खरोखर ‘पसरलं’ असं पुराव्यानिशी म्हणता येतं, ते इथेच.

जपानमध्ये तिसऱ्या शतकाच्या मध्यापासून सातव्या शतकापर्यंत कोफुन नावाची टेकाडं बांधली गेली. साकाईमधलं दाइसेन कोफुन जवळजवळ अर्धा किलोमीटर लांब आहे आणि वरून किल्लीच्या भोकाच्या आकाराचं दिसतं. जुन्या साधनांनी ते बांधायला रोज जास्तीत जास्त २००० माणसं लावून १५ वर्षं ८ महिने लागले असते, असा अंदाज तिथल्या ओबायाशी बांधकाम कंपनीने काढला. पण आरंभीच्या आणि मधल्या काळातल्या टेकाडांत मातीची ढेकळं, मातीच्या पिशव्या, वेगवेगळ्या मातींचे जाड-पातळ थर अशा अनेक पद्धती मिसळलेल्या आहेत.

चिनी पद्धतीचं काटेकोर, पातळ थरांचं काम जपानमध्ये ठसठशीत दिसतं ते बौद्ध मंदिरांबरोबर. कोरियातल्या पेकचे राज्याने ५८८मध्ये जपानला भिक्खू आणि त्यांच्यासोबत मंदिर बांधणारे कारागीर पाठवले, अशी जपानच्या जुन्या बखरीत नोंद आहे. त्यांतून आसुका-देरा हे मंदिर उभं राहिलं. पेकचेकडे हे कसब आधीच होतं. सोलमधला फुंगनाप मातीचा कोट त्याची साक्ष आहे. मंदिराच्या जड लाकडी खांबांखाली खचणार नाही असा चौथरा लागतो. ते काम पाहून, करून तयार झालेली माणसं नंतर कबरींवर लागली. सातव्या शतकाच्या अखेरीस किंवा आठव्याच्या सुरुवातीस बांधलेलं ताकामात्सुझुका हे लहानसं टेकाड असंच काही सेंटिमीटरच्या थरांनी चोपलेलं आहे. आतली रंगीत भित्तिचित्रं १९७२मध्ये उजेडात आली.

या क्रमावरून मला एक गोष्ट ठामपणे वाटते. टेकाड पाहून तंत्र शिकता येत नाही, कारण बाहेरून थर दिसतच नाहीत. ओल किती, थर केवढा, ठोके किती, हे सोबत काम केलेल्या माणसाकडूनच शिकावं लागतं. त्यामुळे जिथे हे तंत्र जसंच्या तसं दिसतं, तिथे कारागीर स्वतः पोहोचले होते असं मानायला जागा आहे.

ताकामात्सुझुकाचा उत्तरार्ध दुःखद आहे. चित्रांवर बुरशी चढली आणि २००७मध्ये दगडी कोठडी सुटी करून बाहेर काढावी लागली. तेव्हा टेकाडात जुन्या भूकंपांनी पडलेल्या भेगा दिसल्या. एवढी घट्ट माती, पण भेगांमधून पाणी आणि मुळं आत गेली होती.

अमेरिकेतही मातीची टेकाडं आहेत. ती कुणाकडून शिकली?

कुणाकडूनही नाही. उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींची ही स्वतंत्र परंपरा आहे. लुइझियानामधलं वॉटसन ब्रेक इसवी सनपूर्व ३५००च्या सुमाराचं. इलिनॉयमधल्या काहोकियाच्या टेकाडांच्या छेदात वेगवेगळ्या रंगांच्या मातीची एकेक टोपली कुठे रिकामी केली, तेही ओळखू येतं. लुइझियानामधल्याच पॉव्हर्टी पॉइंटचं सुमारे २२ मीटर उंच टेकाड कबर नाही, पण त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. आतल्या थरांवर पावसाने धुपल्याच्या खुणाच नाहीत. त्यावरून ते तीन महिन्यांच्या आत बांधून झालं असा निष्कर्ष संशोधकांनी काढला.

आणि भारतात?

भारतात प्रश्न गुंतागुंतीचा आहे, कारण इथे दहन आणि दफन दोन्ही चालू होतं आणि अस्थींवर ढीग रचण्याची जुनी चाल पुढे स्तूपात मिसळली. शतपथ ब्राह्मणात अस्थींवरच्या ढिगाचे नियम आहेत. देवांच्या बाजूचे लोक तो चौकोनी करतात, आसुर वृत्तीचे आणि पूर्वेकडचे लोक गोल करतात, असं तिथे म्हटलं आहे. त्याच पूर्वेकडे पुढे गोल स्तूप वाढले.

त्याही आधी हडप्पा काळात, कच्छमधल्या धोलावीरात, अर्धगोल समाध्या आहेत. त्यांपैकी एकीत कच्च्या विटांच्या भिंती चाकाच्या आऱ्यांसारख्या रचून मधले कप्पे भरले होते. आत सांगाडा नव्हता. मोठा भराव घसरू नये म्हणून आतून कप्पे करायचे, ही स्थापत्याची फार पक्की समज आहे.

बिहारमधल्या वैशालीत १९५८च्या सुमाराला डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांनी एक स्तूप उकलला. मूळ स्तूप केवळ मातीचा, ८.०७ मीटर व्यासाचा. नंतर चार वेळा त्याला विटांचं आवरण चढवून मोठं केलं गेलं. बुद्धाच्या अस्थींचे जे आठ वाटे झाले, त्यांतल्या वैशालीच्या लिच्छवींच्या वाट्याशी हा स्तूप जोडला जातो. कोल्हापूरकडच्या या मराठी विद्वानाचं हे काम आपल्याकडे अजून पुरेसं माहीत नाही.

लौरिया नंदनगढची टेकाडंही बिहारमधलीच. १९०४-०५मध्ये थिओडोर ब्लॉख यांनी ती खणली. पिवळ्या मातीचे पातळ थर आणि मधेमधे गवत-पाल्याचे थर, मधोमध लाकडी खांब, आणि स्त्रीची आकृती असलेला सोन्याचा पत्रा. ब्लॉख यांना ही वैदिक दफन-टेकाडं वाटली. ननीगोपाल मजुमदारांनी १९३५-३६मध्ये पुन्हा तपास केला आणि मत स्तूपांकडे झुकलं.

मातीत पाला घालण्याची पद्धत जपानमध्येही आहे ना? मग ती भारतातून गेली का?

हा प्रश्न उत्साहाने विचारला जातो आणि उत्साह मला समजतो. ओसाकाजवळच्या सायामा तलावाच्या बांधात फांद्या-पानांचे थर आहेत. तिथला लाकडी नळ ६१६मध्ये तोडलेल्या झाडाचा आहे. तीच पद्धत सोलच्या फुंगनाप कोटात आहे. म्हणजे कोरिया ते जपान हा दुवा धडधडीत आहे. बिहार ते कोरिया मात्र मधे शेकडो वर्षं आणि हजारो किलोमीटर कोरडे आहेत. चिकट मातीच्या भरावात पाल्याचा थर घातला की पाण्याला वाट मिळते आणि थर एकमेकांवरून घसरत नाहीत. ही गरज दोन्हीकडे होती, उपाय दोन्हीकडे सुचला.

सायामाच्या संग्रहालयात त्या बांधाचा १५.४ मीटर उंच आणि ६२ मीटर रुंद खराखुरा छेद उभा करून ठेवला आहे. जपानला जाणाऱ्या प्रत्येकाला मी तो बघायला सांगतो.

पुण्याच्या आसपास असं दफन-टेकाड आहे का?

चोपलेल्या मातीचं, वर सांगितलं तसं, नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. हसमुख सांकळिया, मधुकर ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी ही त्यामागची माणसं. इथले ताम्रपाषाणयुगीन शेतकरी आपल्या मृतांना घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरत. लहान मुलांना दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून. मोठ्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले. एक माणूस तर चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला. वर टेकाड नाही. पुन्हा जमीन करायची आणि राहायचं. मृतांना दूर टेकाडात ठेवण्याऐवजी पायाखाली, घरात ठेवणारी ही माणसं होती.

विदर्भात चित्र वेगळं आहे. नागपूरजवळ जुनापाणीला सुमारे ३०० शिलावर्तुळं आहेत. माहुरझरी आणि टाकळघाट-खापा इथे डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. मोठ्या धोंड्यांचं वर्तुळ आणि आत माती-दगडांचा भराव अशी ती लोहयुगातली दफनं. दगड हाताशी असताना नुसत्या मातीवर विसंबायची गरज त्यांना वाटली नसावी. शिवाय काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिचं उंच टेकाड टिकवणं अवघडच.

टेकाडाचा आकार बघायचा तर भाजे लेण्यांत जा. तिथे १४ स्तूप एका ठिकाणी आहेत, काहींवर थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंची, नावं कोरलेली. मातीच्या ढिगाचा आकार इथे सह्याद्रीच्या खडकात आला आहे. दाबायला काही उरलेलंच नाही.

पर्वती, तळजाई या टेकड्या मानवनिर्मित आहेत का?

नाहीत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा तो बेसाल्ट आहे.

गढ्यांच्या आणि वाड्यांच्या मातीच्या भिंती याच तंत्राच्या का?

नात्याने जवळच्या, पण त्याच नव्हेत. गढीच्या भिंतीसाठी पांढरी माती भिजवून, तुडवून, थरांनी चढवतात. वाड्यांच्या वरच्या मजल्यांत कच्चे भेंडे, म्हणजे न भाजलेल्या विटा, असतात. दोन्हींत माती ओली असते आणि वाळून घट्ट होते. चोपलेल्या मातीत ओल कमी आणि ठोका जास्त. आपल्याकडे खरी चोपणी असे ती जमिनीची : मुरूम पसरायचा, पाणी शिंपडायचं, धुम्मस मारायचा, मग चोपण्याने बडवून शेणाने सारवायचं.

इथे एक गंभीर बाब आहे. भिंतींसाठी आणि शेतात टाकण्यासाठी पांढरी माती पिढ्यान्‌पिढ्या जुन्या वस्त्यांच्या टेकाडांतून काढली गेली. आता ती जेसीबीने निघते. खापरं, मणी गोळा करता येतात. थर एकदा विस्कटले की कशावर काय होतं हे कायमचं जातं. चोपण्याच्या तंत्राचा तर सगळा पुरावाच थरांत असतो.

माती चोपलेली होती हे संशोधक कसं ओळखतात?

आधी उभा छेद घेतात. खरवडून साफ केला की थरांच्या रेषा दिसतात. मग थर आडवा उचलून दांड्यांचे ठसे शोधतात. त्यानंतर मातीचा अखंड तुकडा राळेत गोठवून, त्याचा अतिपातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. दाबलेल्या मातीत पोकळ्या कमी आणि चपट्या असतात, बारीक कण एका दिशेने लोळलेले असतात. पावसात उघडा पडलेला पृष्ठभागही ओळखू येतो, त्यावरून काम किती दिवस थांबलं होतं ते कळतं.

आजच्या मातीच्या धरणांत हेच तत्त्व असतं का?

हेच, आणि पुण्याला ते शिकवायला नको. १२ जुलै १९६१ला फुटलेलं पानशेत मातीचंच धरण होतं, काम पुरं व्हायचं होतं. भराव कितीही मोठा असला तरी त्याची ताकद सर्वांत कच्च्या जागेएवढीच असते. मोरी, नळ, दोन दिवसांच्या कामाचा सांधा, अशा ठिकाणी मातीवर सर्वांत जास्त मेहनत घ्यावी लागते.

शेतात किंवा गावाजवळ असं टेकाड, शिलावर्तुळ दिसलं तर काय करायचं?

खणू नका, वरची खापरंही उचलू नका. लांबून आणि जवळून फोटो काढा, मोबाइलवर ठिकाण नोंदवा, गट क्रमांक मिळाला तर लिहून ठेवा. राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाला किंवा डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. जमिनीतून दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची पुरलेली वस्तू निघाली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं १८७८च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. नांगर किंवा जेसीबी आधीच लागला असेल आणि कापलेली बाजू उघडी दिसत असेल, तर तिचा फोटो सकाळी किंवा संध्याकाळी, तिरप्या उन्हात, शेजारी एखादी पट्टी ठेवून घ्या. थर त्याच उजेडात सर्वांत स्पष्ट उमटतात.